फायर एम्ब्लेम

दूरचित्रवाणी संचाला जोडलेल्या खेळयंत्रावर खेळावयाचा एक जपानी युद्धखेळ आणि त्यातून पुढे वाढलेली खेळमालिका. ‘फायर एम्ब्लेम’ या नावाचा अर्थ ‘अग्निचिन्ह’ असा होतो. मालिकेतील पहिला खेळ २० एप्रिल १९९० रोजी जपानमध्ये विक्रीस आला. त्याच्या उपशीर्षकाचा अर्थ ‘अंधकाराचा ड्रॅगन व प्रकाशाचे खड्ग’ असा आहे. क्योटो येथील ‘इंटेलिजंट सिस्टिम्स’ या संस्थेने तो तयार केला व त्याच शहरातील ‘निन्टेंडो’ या कंपनीने प्रसिद्ध केला. पटावरील युद्धखेळाची डावपेची रचना आणि दीर्घ कथेतील व्यक्तिरेखांचा विकास या दोन गोष्टी एकत्र आणणारे खेळ त्यापूर्वीही झाले होते. तथापि या प्रकारास स्थिर रूप दिले ते या खेळाने, असे सामान्यतः मानले जाते. त्याचे वैशिष्ट्य एका नियमात सामावलेले आहे. या खेळात खेळाडूच्या सैन्यातील प्रत्येक शिपायाला नाव असते, आणि लढाईत पडलेला शिपाई पुन्हा परत येत नाही.

या नियमाचे महत्त्व ध्यानी येण्यासाठी पटावरील युद्धखेळांची परंपरा थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. भारतीय चतुरंगात हत्ती, घोडा, रथ व पायदळ अशी सेनेची चार अंगे पटावर मांडली जात. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या हर्षचरितात या खेळाचा उल्लेख आढळतो. महाराष्ट्रात बुद्धिबळाचा अभ्यास पेशवाईच्या अखेरीपर्यंत आस्थेने होत असे. दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयास असलेले तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांनी विलासमणिमंजरी हा या विषयावरील संस्कृत ग्रंथ रचला आणि त्याचे इंग्रजी रूपांतर १८१४ मध्ये मुंबईत छापले गेले. जुन्या देशी पद्धतीत दोन संकेत लक्षणीय होते. पटाच्या शेवटच्या ओळीत पोहोचलेले प्यादे हवे ते मोहरे होत नसे. ज्या घरात ते पोहोचे त्या घरचे मोहरे होई. दुसरे म्हणजे, प्रतिपक्षाची सर्व मोहरी मारून राजा एकटा उरला, तर डाव ‘बुर्जी’ होऊन पूर्ण विजयाचा मान हुकत असे. उलट प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची समजली जाई. विजय कोणत्या मार्गाने मिळविला याला विजयाइतकेच महत्त्व देणारी ही दृष्टी होती. प्याद्याला मात्र या सर्व परंपरेत नाव नव्हते. डाव संपला की मेलेली मोहरी जिवंत मोहऱ्यांबरोबर एकाच पेटीत जात आणि नव्या डावात पुन्हा उभी राहत.

चतुरंगाचीच जपानी शाखा म्हणजे ‘शोगी’. तीत मारलेले मोहरे पटाबाहेर राहते, पण वाया जात नाही. मारणारा खेळाडू ते आपल्या बाजूने पुन्हा पटावर उतरवू शकतो. यासाठीच शोगीतील दोन्ही पक्षांची मोहरी एकाच रंगाची असतात. कोण कोणाचे हे मोहऱ्याच्या टोकाच्या दिशेवरून ओळखावयाचे. शत्रूचा शिपाई उद्या आपला होऊ शकतो, ही कल्पना जपानी खेळाडूंच्या अंगवळणी पडलेली होती, हे येथे लक्षात ठेवावयास हवे. यूरोपात प्रशियन लष्कराच्या प्रशिक्षणासाठी राइसविट्झ पितापुत्रांनी रचलेल्या युद्धखेळाने (१८१२ व १८२४) पटाच्या जागी खराखुरा नकाशा आणला आणि चकमकीचा निकाल फाशांवर व तक्त्यांवर सोपविला. त्या तक्त्यांतून किती माणसे कामी आली हे कळे. कोणती, हे कळत नसे. या युद्धखेळांच्या हौशी शाखेतून अमेरिकेत १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिकाखेळ निघाला. त्यात खेळाडू सेनेऐवजी एकच वीर सांभाळतो, त्याला नाव देतो आणि अनुभवाने त्याची ताकद वाढवीत नेतो. जपानमध्ये १९८६ साली आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या खेळाने ही भूमिकाखेळाची पद्धत घरोघर पोहोचविली.

निन्टेंडो ही कंपनी १८८९ मध्ये जपानी पत्ते तयार करण्यासाठी स्थापन झाली होती. तिने १९८३ मध्ये बाजारात आणलेले ‘फॅमिली काँप्युटर’ (संक्षेपाने ‘फॅमिकॉम’) हे खेळयंत्र अतिशय लोकप्रिय झाले. या यंत्रासाठी इंटेलिजंट सिस्टिम्सने १९८८ मध्ये ‘फॅमिकॉम वॉर्स’ हा खेळ तयार केला. त्यात रणगाडे, तोफा व पायदळ यांची नकाशावर लढाई असे. पैसे भरून कारखान्यातून नवे रणगाडे काढावयाचे आणि ते आघाडीवर झोकून द्यावयाचे, असा त्याचा क्रम होता. एक तुकडी गेली तर दुसरी विकत मिळे. फायर एम्ब्लेमची कल्पना मांडणारे व त्याची कथा लिहिणारे शोझो कागा यांनी नेमकी हीच गोष्ट उलटवली. खेळाचे दिग्दर्शन केइसुके तेरासाकी यांचे, निर्मितीवर देखरेख गुन्पेई योकोई यांची आणि संगीत युका त्सुजियोको यांचे होते. फॅमिकॉमची स्मरणशक्ती आजच्या मानाने अत्यंत तुटपुंजी होती. सैनिकांची चित्रे म्हणूनच ठोकळेवजा आहेत, संवाद त्रोटक आहेत आणि काही चेहरे थोड्याफार फरकाने पुन्हा वापरलेले दिसतात. तरीही या अडचणीच्या जागेत सुमारे पन्नास व्यक्तिरेखा व पंचवीस प्रकरणांची कथा बसविण्यात आली. निर्मात्यांनी चित्रांत काटकसर केली, माणसांच्या संख्येत केली नाही, ही गोष्ट त्यांच्या हेतूवर पुरेसा प्रकाश टाकते.

कथा परिचित साच्याची आहे. आकानेइया खंडातील आल्टिया या राज्याचा राजपुत्र मार्थ शेजाऱ्याच्या विश्वासघातामुळे पितृहीन व राज्यहीन होतो आणि तालिस या लहानशा बेटावर आश्रय घेतो. मेडियस हा ड्रॅगनवंशीय राजा आणि गार्नेफ हा कपटी मांत्रिक यांनी खंडावर वर्चस्व बसविलेले असते. मोजक्या स्वारांनिशी निघालेला मार्थ वाटेत माणसे जोडीत जातो. आकानेइयाच्या राजवंशातील उरलेली एकमेव राजकन्या नीना ही राजघराण्याचे मानचिन्ह असलेली ढाल त्याच्या स्वाधीन करते. हेच ते अग्निचिन्ह. राजवस्त्रे व शिक्का मिळाल्यावर सरदाराला जसा फौजा जमविण्याचा अधिकार येई, तसाच अधिकार या चिन्हाने मार्थला प्राप्त होतो. (खेळाच्या व्यवहारात तिचा उपयोग पेटारे उघडण्यासाठीही होतो, हा भाग वेगळा.) अखेरीस फाल्शियन नावाच्या तलवारीने मेडियसचा वध होतो. कथेत स्वतंत्र असे फारसे काही नाही. कागा यांची प्रतिभा कथानकात नव्हे, तर कथानक व नियम यांच्या जोडणीत दिसते.

खेळाचा पट म्हणजे चौकोनी घरांत विभागलेला नकाशा. दोन्ही पक्ष आळीपाळीने चाली करतात; मात्र बुद्धिबळाप्रमाणे एका वेळी एकच मोहरे न हलविता आपल्या पाळीत सर्व सैन्य हलविता येते. घोडेस्वार दूरवर जातो, पण डोंगर-जंगलात अडतो. पंख असलेल्या घोड्यावरील स्वार कोणताही भूभाग ओलांडतो, पण बाणापुढे दुबळा ठरतो. जाड चिलखतातील शिपाई वार सोसतो, पण मंद चालतो. जंगलात किंवा गढीत उभ्या असलेल्याला नेम लागणे अवघड जाते. प्रत्येक वार लागेल की चुकेल हे काही अंशी दैवावर सोपविलेले असते. शस्त्रेही अक्षय नसतात. ठरावीक वापरानंतर ती मोडतात, म्हणून चांगली तलवार कोठे खर्च करावी याचा विचार करावा लागतो. लढणाऱ्याला अनुभव मिळतो व त्याची पातळी वाढते. विशिष्ट पातळीनंतर व योग्य वस्तू मिळाल्यावर त्याचा दर्जा बदलून तो वरच्या वर्गात जातो. ही बढती म्हणजे प्याद्याचा वजीर होण्याचाच प्रकार आहे. आधुनिक बुद्धिबळात शेवटच्या ओळीतले कोणतेही प्यादे हवे ते मोहरे होते; येथे धनुर्धारी हा धनुर्धाऱ्यांच्याच वरच्या वर्गात जातो. या बाबतीत हा खेळ जुन्या देशी बुद्धिबळाच्या संकेताला अधिक जवळचा आहे.

आता मुख्य नियम. लढाईत ज्याची जीवनशक्ती शून्यावर येते तो मरतो आणि त्यानंतरच्या सर्व प्रकरणांतून नाहीसा होतो. मार्थ मेला तर खेळच संपतो. इतर कोणी मेले तर मरणारा एखादे वाक्य बोलतो आणि लढाई पुढे चालू राहते. त्याची जागा भरून निघत नाही. त्याने मिळविलेला अनुभव, त्याच्यावर खर्ची पडलेल्या लढाया आणि त्याच्यासाठी राखून ठेवलेली शस्त्रे, सर्व व्यर्थ जाते. शिवाय कथेत त्याच्याकडून जे घडणार होते तेही घडत नाही. एखाद्या शत्रूशी बोलून त्याचे मन वळवू शकणारी एकच व्यक्ती असते. ती आधीच पडली असेल, तर तो शत्रू शत्रूच राहतो. अशा रीतीने प्रत्येक खेळाडूच्या हातून एकाच कथेची निराळी बखर तयार होते. मालिकेतील पुढील काही खेळांत तर समाप्तीच्या वेळी प्रत्येक व्यक्तीची हकीकत दाखविली जाते आणि जे पडले त्यांच्या नावापुढे ते कोणत्या प्रकरणात पडले एवढेच नमूद होते.

या नियमाने खेळाडूचे डोळे कसे बदलतात, याची दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. पहिले जेगन याचे. हा मार्थच्या पदरचा वृद्ध सरदार आरंभी सर्वांहून बलवान असतो आणि कोणताही शत्रू सहज लोळवितो. पण त्याची वाढ जवळजवळ थांबलेली असते. प्रत्येक लढाईत त्यालाच पुढे करणारा खेळाडू तरुण स्वारांचा अनुभव हिरावून घेतो व पुढील प्रकरणांत अडचणीत येतो. उलट त्याला मागे ठेवणारा तरुणांना धोक्यात घालतो. वडीलधाऱ्याच्या जोरावर किती काळ निभावून न्यावयाचे, हा घराघरांतील प्रश्न येथे कोणताही उपदेश न करता अंकांच्या भाषेत मांडलेला आहे. म्हातारा झालेला पण आरंभी उपयोगी पडणारा वीर ही नंतर या मालिकेची रूढीच बनली आणि जाणकार खेळाडू अशा पात्राला त्याचे नाव काहीही असले तरी ‘जेगन’च म्हणतात.

दुसरे उदाहरण नाबार या तलवारबहाद्दराचे. तो दरोडेखोरांच्या बाजूने लढणारा भाडोत्री योद्धा असून त्याच्या हातातील तलवारीचा घाव बहुधा जीवघेणा ठरतो. त्याला मारणे शक्य आहे. परंतु तालिसची राजकन्या शीडा त्याच्याजवळ जाऊन बोलली, तर तो पक्ष बदलतो. त्यासाठी खेळाडूला आपल्या सैन्यातील नाजूक प्रकृतीची, उडत्या घोड्यावरील स्वार असलेली शीडा एकटी शत्रूच्या तलवारीच्या टप्प्यात पाठवावी लागते. ती तेथे पोहोचण्यापूर्वी पडली तर दोघेही गेले. शोगीतील शत्रूचे मोहरे आपले होते ते मारून. येथे ते बोलून आपले होते. ‘हल्ला’ या आज्ञेशेजारी पडद्यावर ‘बोला’ ही आज्ञा दिसणे ही त्या काळच्या युद्धखेळांत लहान गोष्ट नव्हती.

अर्थात नियमाला पळवाटही होतीच. आवडता शिपाई पडला की यंत्र बंद करून प्रकरण पहिल्यापासून खेळावयाचे, ही सवय बहुतेक खेळाडूंना लागली. तासभर चाललेली लढाई शेवटच्या चालीतील एका चुकीच्या अंदाजासाठी सोडून द्यावयाची आणि पुन्हा मांडावयाची, हे व्यवहाराच्या दृष्टीने वेडेपणाचे आहे. तरीही लोक तसे करीत. सैन्यातील एका सामान्य धनुर्धाऱ्यासाठी हातात आलेला विजय नाकारला जावा, हे त्या नियमाचे अपयश समजावयाचे की यश, यावर खेळाडूंत मतभेद आहेत. ते यशच मानणे योग्य ठरेल. कारण रणगाडे विकत घेण्याच्या खेळात असे कोणी केले नसते. खुद्द खेळातही एक सवलत ठेवलेली आहे. अखेरच्या प्रकरणांत ‘ओम’ असा उच्चार असलेला एक दंड मिळतो. मार्थची बहीण तो वापरून मृतांपैकी एकाला परत आणू शकते. फक्त एकाला आणि एकदाच. पडलेल्यांच्या यादीतून एक नाव निवडावयाचे म्हणजे उरलेल्यांची नावे दुसऱ्यांदा पुसावयाची, त्यामुळे ही सवलत नियमाला सौम्य न करता अधिक कठोर करते.

या करुणेला एक उणीवही आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. नावे आहेत ती स्वपक्षाच्या शिपायांना. शत्रूच्या बाजूचे सरदार सोडले तर बाकीचे सर्व सैनिक केवळ ‘शिपाई’, ‘स्वार’ व ‘चाचा’ असतात. त्यांना मारल्याने अनुभव वाढतो, एवढेच त्यांचे प्रयोजन. पानिपतच्या संहाराची (१७६१) वार्ता मोती, मोहरा आणि गणती न लागलेली चिल्लर अशा सांकेतिक शब्दांत पुण्याकडे पोहोचली, असे परंपरेने सांगितले जाते. तिच्यात साध्या शिपायाच्या वाट्याला चिल्लरच आली. फायर एम्ब्लेमने आपल्या बाजूची चिल्लर मोहरांत मोडली, पण पलीकडच्या बाजूला हात लावला नाही. कागा यांना ही बोच जाणवली असावी, असे काम्यू या पात्रावरून वाटते. शत्रुपक्षाचा हा सेनापती नीतिमान असून नीनाचे त्याच्यावर प्रेम असते. इतर अनेकांप्रमाणे तोही बोलून वळेल अशी खेळाडूची अपेक्षा होते. तो वळत नाही. स्वामिनिष्ठेपायी तो जागा सोडीत नाही आणि पुढे जाण्यासाठी त्याला पाडावेच लागते. (गंमत अशी की, १९९२ च्या दुसऱ्या खेळात हाच काम्यू दुसऱ्या नावाने जिवंत आढळतो. स्वतःचा नियम कथालेखकालाही पाळवला नाही.)

आरंभी या खेळाचे थंडे स्वागत झाले. तो अवघड व रूक्ष वाटला. पुढे खेळाडूंच्या तोंडी प्रशंसेने त्याचा प्रसार होत गेला. ‘गाइडन’ (१९९२), पहिल्या खेळाची सुधारलेली आवृत्ती व तिचा उत्तरार्ध यांचा समावेश असलेला ‘मोन्शो नो नाझो’ (१९९४), दोन पिढ्यांची कथा सांगणारा ‘सेइसेन नो केइफु’ (१९९६) आणि ‘थ्रेसिया ७७६’ (१९९९) हे मालिकेतील पुढील खेळ होत. याच सुमारास ‘शायनिंग फोर्स’ (१९९२), यासुमी मात्सुनो यांचे ‘टॅक्टिक्स ओगर’ (१९९५) व ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ (१९९७) असे त्याच जातीचे खेळ निघाले. त्यांपैकी शेवटच्यात पडलेल्या सैनिकाला उचलण्यासाठी काही पाळ्यांची मुदत दिलेली असते. ती टळली की तो कायमचा जातो. नियमाची ती मधली वाट म्हणता येईल.

कागा १९९९ मध्ये संस्थेतून बाहेर पडले. त्यांनी स्वतंत्रपणे रचलेला ‘टिअर रिंग सागा’ हा खेळ २००१ मध्ये दुसऱ्या कंपनीच्या यंत्रासाठी निघाला. तो फायर एम्ब्लेमशी इतका मिळताजुळता होता की निन्टेंडो व इंटेलिजंट सिस्टिम्स यांनी प्रकाशकावर व कागा यांच्या संस्थेवर दावा लावला. टोकिओच्या उच्च न्यायालयाने २००४ मध्ये ग्रंथस्वामित्वाचा भंग झाल्याचे मानले नाही. मात्र अनुचित व्यापारी स्पर्धेच्या कारणाने भरपाई देवविली. खेळाचे नियम हे कोणाच्या मालकीचे असू शकतात काय, हा त्या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न बुद्धिबळाच्या बाबतीत कोणाला सुचलाही नसता.

जपानबाहेर ही मालिका दीर्घकाळ गेली नाही. संवादांची विपुलता, भाषांतराचा खर्च व संथ गती ही त्याची कारणे दिसतात. २००१ मध्ये निन्टेंडोच्या विविध खेळांतील वीरांना एकत्र लढविणाऱ्या एका खेळात मार्थचा समावेश झाला. हा कोण, अशी पाश्चात्त्य खेळाडूंत उत्सुकता निर्माण झाली आणि २००३ मध्ये मालिकेतील सातवा खेळ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. यानंतर नियमाच्या शिथिलीकरणाचा इतिहास सुरू होतो. पहिल्या खेळाच्या २००८ मधील नव्या आवृत्तीने तर विचित्र वळण घेतले. तिच्या सोप्या पातळीवरील प्रास्ताविक भागात मार्थच्या सुटकेसाठी एका स्वाराला जाणूनबुजून मृत्यूच्या तोंडी द्यावे लागते. आणि तीत घातलेली जादा प्रकरणे खेळाडूचे सैन्य पंधरा किंवा त्याहून कमी उरले तरच उघडतात. जिवापाड माणसे जपणाऱ्याला काही दिसावयाचे नाही आणि ती गमावणाऱ्याला बक्षीस मिळावयाचे, हा न्याय मूळ खेळाच्या प्रकृतीशी विसंगत आहे. २०१० मध्ये ‘सुलभ’ पद्धत आली. तीत पडलेला शिपाई पुढच्या प्रकरणात परततो. २०१२ मधील ‘अवेकनिंग’ हा खेळ कदाचित शेवटचा ठरेल, अशा बेताने तयार झाला होता, असे निर्मात्यांनी नंतर सांगितले; सुलभ पद्धत निवडण्याची मुभा असलेला हा खेळ जगभर खपला आणि मालिका वाचली. २०१५ मधील खेळात पडलेला शिपाई पुढच्याच पाळीत उठून उभा राहील अशीही एक पद्धत होती. २०१७ पासून काळ मागे फिरविण्याची सोय आली. ‘थ्री हाउसेस’ (२०१९) व ‘एंगेज’ (२०२३) या दोहोंत खेळाडूने आरंभीच ठरवावयाचे असते, की मेलेले मेलेलेच राहतील किंवा नाही. नियम असा पर्याय झाला.

भारतात या खेळाचा प्रवेश न होण्यामागे भाषेखेरीज एक अगदी यांत्रिक कारण होते. १९९० नंतरच्या दशकात फॅमिकॉमच्या अनुकरणाने बनविलेली स्वस्त खेळयंत्रे भारतीय बाजारात आली. मुंबईतील लॅमिंग्टन रोडसारख्या (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) विद्युत्‌ वस्तूंच्या बाजारपेठांतून मिळणारी ही यंत्रे मध्यमवर्गीय घरांत शिरली. सिडकोने १९७० पासून वसविलेली नवी मुंबई त्याच सुमारास भरू लागली होती. १९९२ मध्ये मानखुर्दहून खाडीपलीकडे वाशीपर्यंत लोहमार्ग पोहोचला आणि मुंबईच्या बाजारपेठा तेथील रहिवाशांना जवळ आल्या. तेथील सदनिकांत वाढलेल्या पिढीला ‘व्हिडिओ गेम’ म्हणजे काय ते या यंत्रांमुळे कळले. त्यांसोबत मिळणाऱ्या ‘कॅसेट’मध्ये (खेळ साठविलेल्या खोक्याला भारतात हाच शब्द रूढ झाला) अनेक लहान खेळ एकत्र भरलेले असत. ते उड्या मारण्याचे, गोळ्या झाडण्याचे वा मोटारी पळविण्याचे असत. अक्षर न वाचता खेळता येत आणि बसल्या बैठकीला संपत किंवा हरवीत. फायर एम्ब्लेम एका बैठकीत संपत नाही. कोण जिवंत आहे, कोण मेले, कोणाची पातळी किती, हे दिवसेंदिवस जपून ठेवण्यासाठी मूळ जपानी कॅसेटमध्ये एक लहान विद्युत्‌घट बसविलेला असे. स्वस्त कॅसेटमध्ये तो सहसा नसे. यंत्र बंद केले की सारे विसरले जाई. ज्या खेळाचा प्राणच मृतांची आठवण ठेवण्यात होता, तो आठवण नसलेल्या यंत्रावर येणे शक्यच नव्हते. एका संपूर्ण पिढीच्या मनात दूरचित्रवाणीवरील खेळ म्हणजे हातांची चपळाई, एवढेच समीकरण बसले आणि विचार करावयाचा खेळ म्हणजे बुद्धिबळ किंवा कॅरम, अशी विभागणी होऊन राहिली.

पुढे घरगुती संगणक आल्यावर जुन्या यंत्रांचे अनुकरण करणाऱ्या आज्ञावलींच्या व हौशी खेळाडूंनी केलेल्या इंग्रजी भाषांतरांच्या साहाय्याने हा खेळ भारतातही खेळता येऊ लागला. तो वाचावयाचा मात्र इंग्रजीतच. मालिकेतील एकही खेळ अधिकृतपणे मराठीत आलेला नाही. ही केवळ अभिमानाची बाब नव्हे. मरणाऱ्या शिपायाचे शेवटचे वाक्य परक्या भाषेत वाचणाऱ्याला त्याचा अर्थ कळतो. त्याचा स्वर मात्र हरवतो. या खेळातील पात्रे कोणाला ‘आपण’ म्हणतात, कोणाला ‘तू’ म्हणतात, वृद्ध सरदार राजपुत्राला कसे संबोधतो, यावर त्यांचे नाते उभे आहे. जपानी भाषेतील आदरार्थी रूपांची ही गुंतागुंत इंग्रजीत सपाट होते. मराठीत ती बरीचशी टिकली असती.

पहिला खेळ निघाल्यास तीस वर्षे झाली तेव्हा, ४ डिसेंबर २०२० रोजी, निन्टेंडोने त्याचे पहिले अधिकृत इंग्रजी भाषांतर आपल्या ‘स्विच’ या यंत्रासाठी प्रसिद्ध केले. विक्रीची मुदत आरंभीच ठरवून दिलेली होती. ३१ मार्च २०२१ रोजी ती संपली व विक्री थांबविण्यात आली. तंत्रदृष्ट्या त्याची गरज नव्हती, कारण यात छापील प्रती संपण्याचा प्रश्न नसतो. ज्यांनी त्या चार महिन्यांत खेळ विकत घेतला त्यांच्याजवळ तो राहिला. या आवृत्तीत मूळ चित्रे, मूळ संगीत व मूळ नियम जसेच्या तसे ठेवलेले आहेत. चाली उलट्या फिरविण्याची सोय नव्याने जोडली असून, तिच्यायोगे तलवारीने पडलेली शीडा एका कळीसरशी पुन्हा घोड्यावर दिसते.